अकरा नंबर

सतरा आले.
टेंपोतून उतरवले तेव्हा पाठीवर अजून
कुठल्याशा जर्मन बँकेची चिकटपट्टी,
आणि एकाच्या बिजागरीत बिस्किटाचा चुरा.
कुणीतरी डाव्या हातानं खायचं, उजव्यानं व्याज मोजायचं.

मी भूगोल शिकवते. लॅपटॉप माझ्या गळ्यात पडले,
कारण शेगडी असलेली खोली माझी.

सागिनबेक नारिनहून आला, दोन खिंडी ओलांडून,
खिशात पेनड्राइव्ह, मिशीवर बर्फ.
आधी त्यानं नवी कोरी सिस्टिम घालून पाहिली.
पडद्यावर अगदी सभ्य भाषेत उत्तर:
हे यंत्र पात्र नाही.
एक चिप लागते, ती याला जन्मतःच नाही.
सागिनबेक हसला. "एजे, सोयरीक मोडताना
मुलाकडचे असंच गोड बोलतात."

मग दुसरी घातली. हलकी, फुकट,
कुणा अनोळखी माणसांनी रात्री जागून विणलेली.
दोन जीबीत ती मावते.
मावते म्हणजे, माझ्या आईच्या युर्तमध्ये
पाहुणे मावायचे तशी:
एक आत आला की एकानं उठून
सरपण आणायला जायचं.
ब्राउझर उघडायचा तर नकाशा मिटायचा.
पोरं हे माझ्याआधी शिकली.

कीबोर्ड सगळे परके.
माझ्या लेकीच्या लाल नेलपॉलिशच्या दोन बाटल्या,
काडेपेटीतल्या काड्या,
आणि आमची छत्तीस अक्षरं, सतरा वेळा.
तीन रात्री खोलीला लग्नघराचा वास होता.

बाहेर उणे सव्वीस.
पंखे घरघरतात, म्हाताऱ्या मेंढ्यांसारखे,
मुलं बोटं गरम हवेपाशी धरतात आणि म्हणतात,
विचार करतोय, एजे, थांबा.

अकरा नंबरचं दुखणं वेगळं.
पोटातला चपटा सेल मेलेला.
वीज गेली की त्याची तारीख पुसली जाते.
रोज सकाळी उठतं आणि छातीठोक सांगतं:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
मग जगातलं एक दार उघडत नाही.
जो तो म्हणतो, आमचे कागद अजून निघायचेत,
तू आत्ताच कसा आलास?

अकरावर बेर्मेत बसते. वय बारा.
पहिल्या दिवशी ती त्या आकड्यांकडे बघत राहिली.
"एजे, म्हणजे याच्या मते मी अजून झालेच नाही."
जरा थांबून,
"आणि बाबा मॉस्कोला गेलेच नाहीत."

मी शेगडीत कोळसा टाकला. दुसरं काय करणार.

तेव्हापासून तिचं पहिलं काम तेच:
यंत्राला आजचा दिवस सांगायचा.
दिवस, महिना, वर्ष. सावकाश, जसं आजारी माणसाला
तो कुठं आहे ते सांगतात.
पण एखाद्या सकाळी ती लगेच सांगत नाही.
सोळा पडद्यांवर धडा उघडलेला असतो,
अकरावर मात्र नुसता जानेवारी.
मीही दुसरीकडे पाहते. पाच मिनिटं. कधी दहा.

एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाला, सागिनबेक आला.
एक सोमच्या नाण्याएवढा सेल.
"एवढ्यासाठी हिवाळाभर?" तो स्वतःलाच म्हणाला.
झाकण बेर्मेतनंच उघडलं,
स्क्रू बशीत मोजून ठेवले, एकही हरवला नाही.

आता अकरा नंबरला दिवस कळतो, न सांगता.
वीज गेली, आली, तरी कळतो.
जुना सेल तिनं मागून घेतला.
"अगं, मेलाय तो."
"माहीत आहे," म्हणाली,
आणि दप्तराच्या आतल्या कप्प्याची चेन ओढली.

त्या दिवशी धडा रशियाचा होता.
मी फक्त नद्या घेतल्या.